अंगणातली अर्धी दुर्बीण

२०२४च्या दिवाळीत आमच्या घरी एक लांबोडके खोके आले. माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त अहेरीला असतात. आम्ही दोघे चंद्रपूरकर; पण निवृत्तीनंतर दिवाळी ते होळी हा काळ अहेरीत नातीच्या सहवासात काढायचा, असा आमचा शिरस्ता पडून गेला आहे. नात तेव्हा पाचवीत होती. अंगणातल्या किल्ल्यावर मावळे मांडता मांडता तिने सहज विचारले होते, "आबा, शनीला खरंच कडं असतं का?" आजोबांच्या हाताशी पेन्शन आणि रिकामा वेळ असला, की अशा एका प्रश्नाचे काय होते हे घरोघरच्या आजोबांना ठाऊक आहे. मी दुर्बीण मागवली.

खोक्यावर शनीचे भलेमोठे रंगीत चित्र होते आणि त्याखाली ठसठशीत आकडा : ५२५ पट! उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाने खरे तर तिथेच सावध व्हायला हवे होते. मोठ्या अक्षरातला व्याजाचा दर आणि बारीक अक्षरातल्या अटी यांचे नाते मी हजारो खातेदारांना समजावून सांगितले आहे. पण दुसऱ्याच्या ठेवीबद्दल शहाणपण सुचते तसे स्वतःच्या हौसेबद्दल सुचत नाही. पाचशेपंचवीस पटींना भुलून मी खोके उघडले. दुपारभर खटपट करून दुर्बीण उभी केली. दोन स्क्रू उरले, ते खिशात टाकले आणि रात्रीची वाट पाहू लागलो.

त्या रात्री गच्चीवर घरातली सगळी मंडळी जमली. शेजारची दोन पोरेही आली. सर्वात जास्त पट दाखवणारे भिंग लावले. आत पाहतो तो काळामिट्ट अंधार. नळी जरा हलवली, की एखादा ठिपका विजेसारखा सर्रकन निघून जायचा. स्क्रूला हात लावला, की सगळे आकाश भूकंप झाल्यासारखे हलायचे. अर्धा तास गेला. डास चावत होते. पोरे जांभया देऊ लागली. शेवटी एक तेजस्वी गोळा कसाबसा पकडीत आला. तो गोल होता, थरथरत होता आणि त्याच्यात एकात एक अशी कडी दिसत होती. मी विजयी आवाजात म्हणालो, "हा बघ शनी! दिसली ना कडी?"

नातीने डोळा लावला. बराच वेळ लावला. मग ती हळूच "हो" म्हणाली.

तो "हो" मी ओळखतो. कर्जाच्या कागदांवर आम्ही भराभर अटी वाचून दाखवत असू आणि समोरचा शेतकरी काहीही न कळता "हो साहेब" म्हणत असे, तो हा "हो". साहेब रागावू नये म्हणून दिलेला. तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या वाचनालयातून आकाशाचा नकाशा असलेले पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, शनी तर दक्षिणेला आहे. तुम्ही उत्तर-पश्चिमेचा दाखवला. तो अभिजित तारा होता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हते, हे खरे. पण मी "मला माहीत नाही" असे म्हणालो नव्हतो, हे जास्त खरे. फोकस चुकला, की कोणताही तारा फुगून गोल होतो आणि त्यात कडी दिसू लागतात, हे मला पुढे कळले. बँकेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवले होते : न पाहता सही करायची नाही. चौतीस वर्षे पाळलेला तो नियम मी एका लहान मुलीपुढे मोडला, वर तिच्याकडूनही न पाहता सही करून घेतली. दुर्बीण कपाटावर गेली आणि आठवडाभर आमच्या घरात शनीचे नाव निघाले नाही.

वाचकहो, ही फजिती सविस्तर सांगण्याचे कारण असे, की अशा कपाटावर गेलेल्या दुर्बिणी महाराष्ट्रात घरोघरी असतील. वाढदिवसाला येतात, दोन रात्री गच्चीवर जातात आणि तिसऱ्या रात्रीपासून धूळ खातात. दोष पोरांना दिला जातो : "आजकालच्या मुलांना धीरच नाही." मी माझ्या अनुभवावरून सांगतो, पोरांचा दोष नसतो. दुर्बिणीचा अर्धाच भाग दुकानात मिळतो. उरलेला अर्धा आपल्या अंगणात असतो आणि तो कुठल्याही खोक्यात बांधून येत नाही.

आधी दुकानातला अर्धा पाहू. पुण्याला माझा बँकेतला एक जुना सहकारी असतो. तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही १९४४ साली स्थापन झालेली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वात जुनी संस्था. तिच्या कार्यक्रमांना हा तरुणपणापासून जात आलेला. त्याला फोन करून रडकथा सांगितली. तो पोटभर हसला आणि म्हणाला, "अरे, तू ट्रायल बॅलन्स जुळवणारा माणूस. कागद-पेन्सिल घे आणि भागाकार कर."

भागाकार सोपा आहे. दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर, भागिले डोळ्यापाशी लावायच्या आयपीसचे नाभीय अंतर, म्हणजे दुर्बिणीची पट. दोन्ही आकडे नळीवर आणि आयपीसवर छापलेले असतात. आमची दुर्बीण ७०० मिलिमीटरची. २५ मिलिमीटरचे आयपीस लावले तर २८ पट, १० मिलिमीटरचे लावले तर ७० पट, ४ मिलिमीटरचे लावले तर १७५ पट. त्यापुढे पट तिप्पट करणारे एक बार्लो नावाचे भिंग जोडले, की झाले ५२५! हिशेब बरोबर, पण पुंजी नाही. दुर्बिणीची खरी पुंजी म्हणजे तिच्या तोंडाशी असलेल्या भिंगाची रुंदी. आमची ७० मिलिमीटर. ढोबळ नियम असा, की एका मिलिमीटरला दोनच पट झेपते. म्हणजे आमची मर्यादा १४०. त्यापुढे चित्र नुसते मोठे, अंधूक आणि गढूळ होत जाते. खात्यात चौदाशे रुपये असताना सव्वापाच हजारांचा चेक फाडण्यासारखा तो प्रकार.

पण म्हणून ७० मिलिमीटरला कमी लेखू नये. काळोखात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. भिंग दहापट रुंद, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. एका डोळ्याच्या जागी शंभर डोळ्यांचा प्रकाश ही छोटी नळी गोळा करते. म्हणून सुरुवात नेहमी सर्वात कमी पटीच्या, म्हणजे सर्वात मोठा आकडा छापलेल्या आयपीसने करावी. पट कमी, की आकाशाचा तुकडा मोठा दिसतो आणि वस्तू सापडते. सापडली, फोकस झाली, मग हवे तर पट वाढवावी.

दुसरी चूक दिवसा करायचे काम रात्री करण्याची. नळीच्या पाठीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. मोठ्या नळीत दिसते तेच तिच्या मध्यावर दिसले पाहिजे आणि ही जुळणी दिवसाउजेडी करायची. आम्ही ती अंगणातून दिसणाऱ्या मोबाइल टॉवरच्या टोकावर केली. दहा मिनिटांचे काम. पण ते केल्यापासून रात्रीची शोधाशोध संपली. फक्त सूर्य असेल त्या बाजूला नळी अजिबात फिरवायची नाही. या जागी मी कठोर होऊन सांगतो : दुर्बिणीतून सूर्य एक क्षणही पाहू नये. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला बसवायची काळी काच येते. ती उष्णतेने तडकू शकते आणि मग गेलेला डोळा परत येत नाही. आमच्या खोक्यात ती निघाली. मी ती फोडून केरात टाकली.

तिसरी चूक जागेची. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्ण हवा सोडते आणि त्या हवेत चित्र पाण्याखालच्या नाण्यासारखे हलते. आमची दुर्बीण गच्चीवरून मातीच्या अंगणात उतरली, तिपाईचे पाय आखूड केले, मधल्या फळीवर विटा ठेवल्या आणि भूकंप थांबला. घरातली दुर्बीण बाहेर नेल्यावर तिलाही अर्धा तास बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी लागते.

चौथी चूक माझ्या आवडीची आहे, कारण ती अहेरीची आहे. आमच्या दुर्बिणीची बैठक ध्रुवताऱ्याकडे रोखायची होती. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो, तर तुमच्या गावाचा जो अक्षांश तितका. पुस्तिकेतल्या चित्रात बैठक चाळीस अंशांवर ठेवलेली होती आणि मी ती तशीच ठेवली. तो अक्षांश कुठल्या तरी दूरच्या देशाचा. अहेरी साडेएकोणीस अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली, की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे आमचा ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर, नेमका शेजारच्या मोहाच्या झाडामागे. परक्या गावच्या मापाने आपले आकाश मोजायला निघालो होतो, मग काय सापडणार? ज्यांना ही बैठक जमत नाही त्यांनी साधी वर-खाली, डावी-उजवी फिरणारी बैठक घ्यावी. सुरुवातीला तीच बरी.

हा झाला दुकानातला अर्धा. तो आठवडाभरात सुधारला. अंगणातल्या अर्ध्यासाठी मात्र मला एकदम १९८६ सालात जावे लागले.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि अहेरीच्या शाखेत नवा अधिकारी म्हणून आलो होतो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन चारही वर्षे झाली नव्हती. वीज होती म्हणण्यापुरती होती. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता आणि वर्तमानपत्रे त्याने भरून गेली होती. शहरांतून पाहणाऱ्यांची बहुतेक निराशाच झाली. मार्च महिन्यातल्या एका पहाटे आमच्या शाखेच्या शिपायाने दार ठोठावले आणि मला प्राणहितेच्या काठावर नेले. आग्नेयेला, क्षितिजाच्या थोडे वर, विझत आलेल्या विडीतून निघावा तसा धुराचा एक तिरपा पट्टा दिसत होता. दुर्बीण नव्हती, चष्मा तेवढा होता. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा मी नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

शिपाई गोंड समाजातला, वयाने मला वडील. तो धूमकेतू पाहून फारसा हरखला नाही. "साहेब, हा तर पाहुणा. आमचं घरचं आभाळ बघा," म्हणत त्याने मला उत्तरेकडे वळवले. सप्तर्षी पश्चिमेला कलले होते. माझ्या शाळेतल्या पुस्तकात ते सात ऋषी होते. त्याच्या आभाळात ती चार ताऱ्यांची बाज होती, म्हातारीची, आणि मागचे तीन तारे म्हणजे बाज पळवायला आलेले तीन चोर. मृगाच्या पट्ट्याचा त्याने नांगर करून सांगितला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीच बाज, तेच चोर आणि तोच नांगर भेटल्यावर मला त्या पहाटेची आठवण झाली. या मंडळींना दुर्बीण ठाऊक नव्हती, पण अंगणातला अर्धा भाग त्यांच्यापाशी पुरा होता. गडद काळोख, पाहायला लागणारा वेळ आणि पाहिलेले तेवढेच सांगण्याची सवय. आमच्या शिपायाने मला धूमकेतूची शेपटी "एवढीच दिसते" म्हणून बोटाने दाखवली होती. बोटभर वाढवून सांगितली नव्हती.

म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात केली ती नातीची माफी मागून. "त्या रात्री मला शनी सापडला नव्हता, मी ठोकून दिलं," असे सांगितले. मुले अशा कबुलीने आपल्याला लहान लेखत नाहीत, उलट जवळ येतात. आम्ही एक नियम केला : दिसले तर दिसले म्हणायचे, न दिसले तर "नाही दिसलं" म्हणायचे आणि जे दिसले ते वहीत काढायचे.

पहिले आठ दिवस दुर्बिणीला हात लावला नाही. अंगणातले दिवे बंद करून नुसते बसलो. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलची एक झळक ती सगळी मिळकत बुडवते. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधला. लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही. हळूहळू कृत्तिका दिसू लागल्या, आधी सहा, मग नातीला सात. देवयानीतला तो फिकट डाग दिसला, जो आपल्या आकाशगंगेबाहेरची, २५ लाख प्रकाशवर्षांवरची दुसरी दीर्घिका आहे. पुण्याच्या मित्राची दुर्बीण आमच्यापेक्षा कितीतरी मोठी. पण तो डाग त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहायचा, तर गावाबाहेर दूर कुठे तरी जावे लागते. आम्हाला अंगणात बाज टाकली, की पुरते.

मग कार्तिकातली अष्टमी आली आणि अर्धा चंद्र पाहिला. चंद्र पाहायला पौर्णिमा निवडू नये. तेव्हा ऊन थेट डोक्यावरून पडते आणि सगळे सपाट दिसते. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराची जी सीमा असते, तिथे डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि विवरे खोदून काढल्यासारखी उठून दिसतात. २८ पटीत आमच्या शेजारणीने ते पाहिले आणि ती काही बोललीच नाही. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आणि शनी? तोही दिसला, ७० पटीत. वाटाण्याहून लहान, फिकट पिवळा. २०२४च्या त्या हिवाळ्यात त्याची कडी आपल्याकडे जवळजवळ धारेवर होती. २०२५च्या मार्चमध्ये ती पूर्ण कडेवर आली आणि त्यानंतर पुन्हा हळूहळू उघडत जाणार, असे मित्राने सांगितले होते. त्यामुळे खोक्यावरचे रुंद रंगीत कडे नव्हतेच. मण्यातून आरपार सुई ओवावी तसे काहीतरी दिसले. मी मनात धास्तावलो, पोर पुन्हा हिरमुसणार. तिने वहीत एक बारीक मणी आणि त्यातून जाणारी रेघ काढली आणि खाली लिहिले, "कडं आहे. पण बारीक आहे." इतके चोख प्रमाणपत्र मी नोकरीत क्वचितच पाहिले असेल.

खरी परीक्षा गुरूने घेतली. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूशेजारी ठिपके पाहिले, रोज त्यांच्या जागा वहीत मांडल्या आणि ते गुरूभोवती फिरतात हे ओळखले. तीच मांडणी आमच्या वहीतही सुरू होती. एका रात्री नात म्हणाली, "तीनच दिसतात." मी पुस्तकी शहाणपणाने म्हणालो, "चार असतात, नीट बघ." तिने पुन्हा पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "असतील चार. मला तीन दिसले." तिने तीनच ठिपके काढले. दुसऱ्या रात्री चौथा हजर होता, आदल्या रात्री तो गुरूच्या आड गेला होता. महिन्यापूर्वी आजोबांसाठी "हो" म्हणणारी पोर आजोबांना "नाही" म्हणू शकली. मी दुर्बिणीचे पैसे त्या रात्री वसूल झाले असे धरले.

एका नुसत्या छंदासाठी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना मी २ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आठवायला सांगेन. गुढीपाडव्याचा दिवस होता. विदर्भाच्या अनेक गावांतून लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ज्वाळांची माळ पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. बहुधा ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष होते. त्या रात्री फोनवरून किती गोष्टी फिरल्या! कोणी उल्का म्हणे, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र, कोणी दैवी संकेत. किती वाजता, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला, किती वेळ दिसले, एवढे चार शब्द नीट सांगणारे मात्र थोडे. आकाश आमच्या जिल्ह्याच्या अंगणात येऊन पडले आणि ते पाहण्याची आमची सवय मोडलेली होती. ही सवय परीक्षेत गुण देत नाही. पण जो "मला एवढेच दिसले" असे म्हणायला शिकतो, त्याला अफवा विकणे कठीण जाते.

आता त्या काळोखाविषयी, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

गेल्या काही वर्षांत अहेरी-आलापल्लीकडचा रस्ता झपाट्याने बदलला. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. चौकाचौकांत उंच खांबांवरचे पांढरेशुभ्र दिवे आले. अंगणाच्या पश्चिमेला पूर्वी जिथे तारे मावळताना दिसत, तिथे आता दुधी उजेडाची साय असते. मी एकदा पारावर बसून या दिव्यांबद्दल कुरकुर केली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, अंधार तुमच्यासाठी नवा आहे. आम्ही जन्मभर त्यातच काढला."

ते मला लागले आणि लागायलाच हवे होते. ज्या जिल्ह्याने दिव्याची वाट पिढ्यानपिढ्या पाहिली, जिथे पायवाटेवर साप निघतो, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यावे लागते, बंदुकींच्या भीतीने संध्याकाळीच दारे लागत असत, तिथे काळोखाचे गोडवे गाण्याचा अधिकार चार महिने पाहुणा म्हणून येणाऱ्या पेन्शनरला नाही. दिवा हवाच. माझे म्हणणे दिव्याच्या तोंडाबद्दल आहे. रस्ता जमिनीवर असतो. मग दिव्याचा उजेड खाली पडावा, आभाळात आणि शेजाऱ्याच्या खिडकीत का? खांबावरच्या दिव्याला वरून टोपण असले, तोंड सरळ खाली असले, पांढऱ्याजर्द ऐवजी पिवळसर दिवा लावला आणि मध्यरात्रीनंतर अर्धे दिवे मंद केले, तर साप दिसतो, बाळंतीण पोचते आणि तारेही राहतात. वर गेलेला उजेड म्हणजे ज्याचे बिल आपण भरतो आणि जो कोणाच्याच उपयोगी पडत नाही, असा खर्च. बँकेत याला गळती म्हणतात.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच विदर्भात, नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंडाचे केले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. तिथे जे वाघांच्या निमित्ताने झाले, ते आमच्या सागाच्या जंगलात का होऊ नये? लंडनहून कधीच न दिसणारा, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी नावाचा ताऱ्यांचा प्रचंड गुच्छ आमच्या अंगणातून उन्हाळ्यात दोन मुठींहून वर चढतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजाला टेकलेला त्रिशंकूही दिसतो. ही ठेव आमच्या नावावर बिनव्याजी पडून आहे आणि पासबुक न उघडताच आम्ही ती मोडीत काढत आहोत.

दुसरी सूचना दुर्बिणींबद्दल. घरोघरी एकेक दुर्बीण घेण्याची काहीच गरज नाही. कपाटावरची दुर्बीण म्हणजे गादीखाली ठेवलेला पैसा; फिरला तरच तो वाढतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांनी २००८ साली गावच्या ग्रंथालयांना साध्या दुर्बिणी देऊन पुस्तकासारख्या घरी न्यायची सोय सुरू केली आणि ती कल्पना दूरवर पसरली. महाराष्ट्रात १९६७पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्या-तालुक्याला वाचनालये आहेत. प्रत्येकात एक दुर्बीण, सोबत एका पानाची मराठी सूचना आणि एक कोरी वही ठेवली तर? नेणाऱ्याने आठ दिवसांनी दुर्बीण परत करायची आणि वहीत आपल्याला काय दिसले, काय दिसले नाही, ते लिहायचे. पाच वर्षांत त्या वहीइतके वाचनीय पुस्तक त्या वाचनालयात दुसरे नसेल.

आमची दुर्बीण आता अहेरीत अशीच फिरते. लेकीच्या ओळखीतली घरे ती आळीपाळीने नेतात. एक स्क्रू हरवला, तेव्हा मी खिशात ठेवलेल्या दोनांपैकी एक नेमका बसला. मार्चमध्ये पहाटे उठून नातीने म्हातारीची बाज आणि तिन्ही चोर पाहून घेतले. हॅलेचा धूमकेतू २०६१च्या उन्हाळ्यात परत येणार आहे. मी तेव्हा नसेन. नात पंचेचाळिशी ओलांडून गेलेली असेल आणि तिला तो प्राणहितेच्या काठावरून पाहावासा वाटला, तर तिथे काळोख शिल्लक असावा, एवढी माझी इच्छा आहे.

येत्या अष्टमीला आपल्याकडची दुर्बीण कपाटावरून काढा. सर्वात मोठा आकडा छापलेले आयपीस लावा, ती मातीवर उभी करा आणि शेजारच्या मुलांना बोलवा. अंगणातला दिवा तेवढा आधी बंद करा. आणि एखादे पोर "नाही दिसलं" म्हणाले, तर त्याच्यावर रागावू नका.